भट्टी, बर्फ आणि बटवडा

आमच्या भट्टीवर एकाच कॉफीच्या दोन वह्या आहेत. एक हिवाळ्याची, दुसरी उन्हाळ्याची. बी तेच, पोतं तेच, भट्टीही तीच. पण जानेवारीतली आच जुलैत लावली तर कॉफी करपते आणि जुलैतली जानेवारीत लावली तर कच्चट राहते. गिऱ्हाइकाला मात्र बाराही महिने पिशवीवर तेच नाव दिसतं आणि कपात तीच चव हवी असते. या दोन वह्यांची भानगड त्याच्या कधी लक्षातच आली नाही, म्हणजे आमचं काम नीट चाललंय असं समजायचं.

मी मूळची साताऱ्याची. लग्नानंतर मिनेसोटात आले. मिनिआपोलिसमधल्या एका जुन्या गोदामात चालणाऱ्या या लहानशा धंद्यात आधी हिशेब लिहायला लागले, मग पोती मोजायला, मग पिशव्या भरायला आणि शेवटी व्हॅन चालवायला. लहान धंद्यात हुद्दा असा नसतोच. ज्याचा हात रिकामा, त्याचं काम. मालक स्वतः भाजतो. दुपारी कॉलेजातला एक मुलगा पिशव्या भरायला येतो. आत आलेला प्रत्येक पाहुणा खोल श्वास घेतो आणि म्हणतो, ‘तुमची काय मजा आहे, दिवसभर हा वास!’ आम्हाला तो वास केव्हाच येईनासा झालाय. आमचं अर्धं लक्ष बीकडे असतं आणि अर्धं हवामानाच्या अंदाजाकडे.

‘चार मिनिटं थांब!’

कच्च्या बीमध्ये साधारण १० ते १२ टक्के ओलावा असतो. तापलेल्या फिरत्या ड्रममध्ये बी पडलं की आधी तो ओलावा निघतो, हिरवट रंग पिवळा होतो, मग तपकिरी, आणि १९६ अंश सेल्सिअसच्या आसपास बी तडतडायला लागतं. या तडतडीला धंद्यात ‘फर्स्ट क्रॅक’ म्हणतात. पुढच्या दोन-तीन मिनिटांत कॉफीचं काय ते ठरतं. भाजताना बीचं वजन साधारण १५ टक्क्यांनी घटतं, म्हणजे ६० किलोच्या पोत्यातून विकायला जेमतेम ५१ किलो माल हाती लागतो. म्हणून बिघडलेला एक घाणा लहान धंद्याला चांगलाच बोचतो.

हिवाळा इथेच आडवा येतो. गोदामाच्या मागच्या भिंतीलगतची पोती थंडगार पडलेली असतात. तसलं बी सरळ ड्रममध्ये ओतलं की ड्रमची निम्मी ताकद ते नुसतं कोमट करण्यातच जाते. म्हणून उद्या लागणारी पोती आज संध्याकाळी भट्टीजवळ ओढून ठेवायची. हा नियम कुठल्या पुस्तकात वाचलेला नाही, पाठीला कळ लागून शिकलेला आहे.

दुसरी गंमत हवेची. भट्टीचा पंखा धूर आणि बीची फोलपटं बाहेर खेचतो. जेवढी हवा बाहेर जाते, तेवढी कुठून तरी आत यावीच लागते. उन्हाळ्यात खिडक्या उघड्या असतात, प्रश्न नसतो. हिवाळ्यात आम्ही प्रत्येक फट प्लास्टिक लावून बुजवतो. मग हवा मिळेल त्या वाटेने घुसते, आणि आमच्याकडे ती वाट म्हणजे बाथरूमच्या पंख्याचं भोक. भट्टी जोरात असेल तेव्हा बाथरूममध्ये जाणाऱ्याला डोक्यावर बर्फाळ वारा झेलावा लागतो. त्यामुळे नवा माणूस कामाला आला की त्याला पहिल्याच दिवशी भट्टीचं वेळापत्रक पाठ होतं.

चिमणीचं वागणंही बदलतं. बाहेर थंडी जितकी कडक, तितकी चिमणी आतली गरम हवा जास्त जोराने ओढते, म्हणून पंखा कमी ठेवावा लागतो. शिवाय धुरातलं तेल थंड पत्र्याला आतून चिकटतं. त्याचा थर साचला आणि त्यावर ठिणगी पडली तर चिमणी पेटते. हिवाळ्यात चिमणी जास्त वेळा साफ करायची, यावर आमच्याकडे चर्चा होत नाही.

आणि दार! माल उतरवायचं मोठं दार भाजणी चालू असताना उघडायचं नाही, हा मालकाचा कडक कायदा. एकदा जानेवारीत ट्रकवाला पोती घेऊन आला आणि नेमका फर्स्ट क्रॅक सुरू झाला. काचेपलीकडे दाढीला बर्फ लागलेला तो माणूस दार ठोकतोय, अलीकडे मालक एका हाताने भट्टीची मूठ धरून दुसऱ्या हाताची चार बोटं दाखवतोय. ट्रकवाला समजला की चार नंबरच्या दाराशी जायचंय, आणि निघाला गोदामाला वळसा घालून. आमच्या गोदामाला चार दारंच नाहीत. तो परत येईपर्यंत घाणा उतरला होता. त्याला आत घेऊन त्याच घाण्यातली कॉफी पाजली. ताजी भाजलेली कॉफी लगेच प्यायची नसते, आतला वायू निघून जायला काही दिवस द्यावे लागतात, हे मालक एरवी सगळ्यांना बजावतो. त्या दिवशी तो काही बोलला नाही.

सुक्या हवेचे चाळे

बाहेर उणे वीस आणि आत हीटर, म्हणजे आतली हवा कोरडीठाक. ओठ फुटतात, दाराच्या कडीला हात लावला की चटका बसतो. हाच चटका कॉफीलाही बसतो. दळताना घर्षणामुळे कणांवर विद्युतभार येतो, कोरड्या हवेत तो टिकून राहतो, आणि पूड यंत्राला, डब्याला, बाहीला चिकटते. फोलपटं तर भिंतीवर चढतात.

यावरचा जुना उपाय म्हणजे दळण्याआधी बीवर पाण्याचा हलकासा फवारा. नव्या माणसाला हे अंधश्रद्धेसारखं वाटतं. पण २०२३ च्या डिसेंबरमध्ये ओरेगॉन विद्यापीठातल्या संशोधकांनी ‘मॅटर’ या नियतकालिकात दाखवून दिलं की थोडं पाणी घातल्याने हा विद्युतभार खरोखर कमी होतो, आणि एस्प्रेसोही जास्त एकसारखी उतरते. त्यांच्यात ज्वालामुखीच्या राखेतल्या विजेचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञही होते. ही बातमी आली तेव्हा मालकाने ती छापून दळणयंत्राच्या वर चिकटवली, आणि फवाऱ्याच्या बाटलीवर ‘विज्ञान’ असं लिहून ठेवलं.

व्हॅन आणि कॉफीचा डबा

आमच्या व्हॅनला रात्री विजेच्या बोर्डाला जोडून ठेवतात. इंजिन गरम राहावं म्हणून त्यात छोटा हीटर बसवलेला असतो. सकाळी प्लग काढायचा, टायरमधली हवा बघायची (तापमान साडेपाच अंशांनी उतरलं की साधारण एक पीएसआय दाब कमी होतो), पेट्रोलची टाकी निम्म्याच्या खाली जाऊ द्यायची नाही, आणि मागे फावडं, वाळू, घोंगडी आहे ना ते पाहायचं.

आणि कॉफीचा डबा. मिनेसोटातल्या जुन्या लोकांच्या गाडीत पत्र्याचा कॉफीचा रिकामा डबा असतो, त्यात मेणबत्त्या आणि काडेपेटी. गाडी बर्फात अडकली तर गाडी सोडून चालत सुटायचं नाही. धूर बाहेर टाकणारी नळी बर्फाने बुजलेली नाही ना ते तपासायचं, अधूनमधून इंजिन चालू करायचं, आणि प्यायला पाणी हवं तर या डब्यात मेणबत्तीवर बर्फ वितळवायचा. सरकारी सूचनांतही हा डबा असायचा. आमची कॉफी कागदी पिशव्यांतून जाते, त्यामुळे कॉफीच्या धंद्यात राहून तो डबा आम्हाला बाजारातून विकत आणावा लागला.

रस्त्यावर खरी भीती पांढऱ्या बर्फाची नसते, तो दिसतो तरी. भीती असते न दिसणाऱ्या पातळ थराची. पूल आधी गोठतात, कारण त्यांना वरून आणि खालून दोन्हीकडून गार वारा लागतो. पारा उणे १८ च्या खाली गेला की गाड्यांच्या धुरातली वाफसुद्धा सिग्नलपाशी डांबरावर गोठते आणि जिथे ब्रेक लावायचा तिथेच काच तयार होते. साधं मीठ उणे ९ च्या खाली फारसं उपयोगी पडत नाही. शिवाय एक चमचा मीठ सुमारे १९ लिटर पाणी कायमचं बिघडवतं, असं इथलं प्रदूषण नियंत्रण खातं दर हिवाळ्यात सांगतं. टाकलेलं प्रत्येक फावडंभर मीठ शेवटी तळ्यात जातं, आणि या राज्याचा जीव तळ्यांवर. त्यामुळे आपला भरवसा हळू चालवण्यावर आणि पुढच्या गाडीपासून लांब राहण्यावर.

जोराचा बर्फ पडला की शहर ‘स्नो इमर्जन्सी’ जाहीर करतं. पहिल्या रात्री ठरावीक मोठ्या रस्त्यांवर गाडी लावायची नाही, दुसऱ्या दिवशी बाकीच्या रस्त्यांवर सम क्रमांकाच्या घरांची बाजू मोकळी ठेवायची, तिसऱ्या दिवशी विषम. पुण्यातल्या पी-१, पी-२ च्या पाट्यांखाली कॉलेजची वर्षं काढल्यामुळे मला हे गणित पहिल्याच हिवाळ्यात जमलं. तेव्हापासून मालक फळ्यावर लिहितो, ‘आज विषम’, आणि खात्रीसाठी माझ्याकडे बघतो.

बटवड्यातला माझा आवडता किस्सा बसलेल्या पिशव्यांचा. कॉफीच्या पिशवीला एक झडप असते. आतला वायू तिच्यातून बाहेर जातो, बाहेरची हवा आत येत नाही. कडक थंडीत एका कॅफेवाल्या बाईंचा फोन आला, ‘तुमच्या पिशव्या अगदी चपट्या आहेत. जुना माल पाठवलात का?’ माल परवाच भाजलेला. झालं असं, की व्हॅनच्या मागच्या भागात उणे पंचवीसच्या आसपास तापमान, त्यात वायू आकसला. झडपेतून हवा आत येऊ शकत नाही, म्हणून पिशवी बसली. मी म्हटलं, तासभर तशीच ठेवा, उघडू नका. तासाभराने त्यांचाच फोन, ‘फुगल्या!’ न उघडण्यामागे आणखी एक कारण होतं. गार बी उबदार, दमट स्वयंपाकघरात उघडं केलं की त्यावर दव धरतं आणि कॉफीची चव जाते. आता हिवाळ्यात आम्ही प्रत्येक खोक्यावर चिठ्ठी लावतो: आधी गरम होऊ द्या, मग उघडा.

टपाल थांबलं तो दिवस

मिनेसोटाची थंडी किती, असं कुणी विचारलं की इथली जुनी माणसं १९९१ चं हॅलोविन सांगतात. ३१ ऑक्टोबरला सुरू झालेला बर्फ ३ नोव्हेंबरपर्यंत पडत होता. मिनिआपोलिस-सेंट पॉलमध्ये ७२ सेंटिमीटर, उत्तरेला डुलुथमध्ये ९४. नवी माणसं ३० जानेवारी २०१९ सांगतात. त्या दिवशी मिनिआपोलिसचा पारा उणे ३३ वर होता आणि वाऱ्यामुळे अंगाला तो उणे ४८ सारखा लागत होता. अमेरिकेच्या टपाल खात्याने मिनेसोटातला बटवडा त्या दिवशी थांबवला. गॅसवर इतका ताण आला, की घरातलं तापमान ६३ अंश फॅरनहाइटवर, म्हणजे सुमारे १७ सेल्सिअसवर आणा, असं आवाहन ग्राहकांना केलं गेलं.

आमची भट्टी गॅसवर चालते. मालक सांगतो, त्या दिवशी त्याने ती पेटवलीच नाही. शेजाऱ्यांनी घरात ऊब पुरवून वापरायची आणि आपण कॉफी भाजायची, हे त्याला बरं वाटेना. तसाही माल पाठवणार कुणाबरोबर? ऑर्डरी भरून, पत्ते चिकटवून खोकी दाराशी रचलेली, आणि रस्त्यावर टपालाची एकही गाडी नाही. गिऱ्हाइकांना पाठवायच्या पत्रात त्याने एवढंच लिहिलं, की कॉफी तयार आहे, रस्ता तयार नाही. एकानेही पैसे परत मागितले नाहीत.

या थंडीतही लोकांनी विनोदबुद्धी शाबूत ठेवली आहे. राज्याचं वाहतूक खातं २०२०-२१ च्या हिवाळ्यापासून बर्फ सारणाऱ्या नांगरगाड्यांना नावं देण्याची स्पर्धा घेतं. पहिल्या वर्षी सर्वाधिक मतं ‘प्लाउई मॅक्प्लाउफेस’ला, २०२२ मध्ये ‘बेटी व्हाइटआउट’ला, २०२४ मध्ये ‘टेलर ड्रिफ्ट’ला. मतदानाच्या दिवसांत आमच्या गिऱ्हाइकांच्या कॅफेंमध्ये निवडणुकीपेक्षा जास्त वादावादी चालते. ज्या गाडीच्या मागे आपण ताशी तीस किलोमीटरने रांगत जातो तिला नाव असलं की चिडचिड कमी होते, हा माझा अनुभव.

चिखल, उकाडा आणि ब्राझीलची थंडी

वसंत येतो तो फुलं घेऊन नाही, खड्डे घेऊन. जमीन वितळते, रस्त्याखालची माती मऊ पडते, आणि अवजड ट्रकच्या वजनावर काही आठवडे निर्बंध येतात. याच सुमाराला मध्य अमेरिकेतला नवा हंगाम बंदरांत उतरायला लागतो, उन्हाळ्यात इथिओपियाचा. म्हणजे वर्षातली सगळ्यात ताजी पोती येतात तेव्हा रस्ते सगळ्यात वाईट असतात.

उन्हाळ्यात भट्टीच्या खोलीत उभं राहवत नाही. वही बदलते, गॅसची ज्योत खाली येते, पंखा वाढतो. ऑगस्टअखेर राज्याची जत्रा भरते, मिनेसोटा स्टेट फेअर. तिथे एका चर्चच्या स्टॉलवर स्वीडिश पद्धतीची अंडं घातलेली कॉफी मिळते. पुडीत अंडं कालवून ती उकळतात. अंड्याबरोबर गाळ गोळा होऊन खाली बसतो आणि वर स्वच्छ, मऊ चवीची कॉफी उरते. श्रावण पाळणारी आमची एक मैत्रीण ती पिऊन खूश झाली आणि ‘इतकी नितळ कशी करतात गं?’ असं तिने मला विचारलं. मी तिला श्रावण संपल्यावर सांगितलं.

आणि याच उकाड्यात आम्ही थंडीची धास्ती घेऊन बसतो, फक्त ती थंडी ब्राझीलची असते. आपला जुलै म्हणजे तिथला भर हिवाळा. १९७५ च्या जुलैत पाराना प्रांतातल्या कॉफीच्या बागा एका काळ्या दहिवराने उद्ध्वस्त केल्या. २०२१ च्या जुलैत पुन्हा दहिवर पडलं आणि भाव चढले. २०२५ च्या फेब्रुवारीत, बऱ्याच अंशी दुष्काळामुळे, न्यूयॉर्कच्या वायदे बाजारात अरेबिका जातीच्या कॉफीने पाउंडाला चार डॉलरचा टप्पा ओलांडला. मोठ्या कंपन्या महिनोन्‌महिने आधी भाव बांधून ठेवतात. आम्ही पोत्यापुरते पैसे जमले की पोतं घेतो. भट्टीशेजारच्या फळ्यावर जुलैत दोन तापमानं लिहिलेली दिसतात: एक मिनिआपोलिसचं, एक ब्राझीलच्या मिनास जेराइसचं.

पोत्यातला पावसाळा

आमच्याकडे भारतातून येणारी एक कॉफी आहे, मान्सून मलबार. पूर्वी मलबारची कॉफी शिडाच्या जहाजांतून आफ्रिकेला वळसा घालून युरोपात जायची. महिनोन्‌महिने दमट वारा लागून बी फुगायचं, फिकट व्हायचं, आंबटपणा जायचा. जहाजं वेगवान झाली, सुएझ कालवा आला, आणि ती चव हरवली. मग पश्चिम किनाऱ्यावरच्या गोदामांत जून ते सप्टेंबर बी पसरून त्याला मुद्दाम पावसाळी वारा देऊ लागले. आता तिला भौगोलिक मानांकन आहे.

हे बी हलकं आणि ठिसूळ. त्याला सुरुवातीची आच कमी लागते, घाई केली तर बाहेरून काळं आणि आतून पोकळ होतं. आमच्या सुक्या हिवाळ्यात त्याचा ओलावाही भराभर उडतो, म्हणून ते पोतं आतल्या प्लास्टिकसकट घट्ट बांधून, हीटरपासून लांब ठेवावं लागतं. दोन्ही वह्यांत त्याचं पान वेगळं आहे.

त्याचं सगळ्यात पक्कं गिऱ्हाईक म्हणजे इथल्या एक मराठी काकू. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्या दूध आटवून जायफळाची कॉफी करतात. पहिल्या वर्षी मी कौतुकाने त्यांना इथिओपियाची, लिंबासारखी चव असलेली कॉफी दिली. दुसऱ्या दिवशी फोन: ‘अगं, कॉफी चांगली असेल गं तुमची, पण दुधात ती भांडते. आपल्याला भांडणारी नको.’ मग मलबार दिली. तेव्हापासून दर जानेवारीला, रस्त्यावर कितीही बर्फ असो, त्यांच्या पिशव्या वेळेवर पोचवणं हे माझं काम. आणि दर वर्षी त्या म्हणतात, ‘बघ, तीच चव!’ मालकाला हे सांगितलं की तो हिवाळ्याच्या वहीत त्या तारखेपुढे एक टिंब देतो.

एवढं वाचून कुणी कॉफी आणायला निघालंच, तर धंद्यातल्या माणसाच्या तीन गोष्टी ऐका. पिशवीवर भाजल्याची तारीख बघा. ती नसेल तर दुकानदाराला विचारा, विचारलं की ती छापली जायला लागते. कॉफी फ्रिजमध्ये ठेवू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात, उजेडापासून लांब ठेवा. मुंबई-कोकणात पावसाळ्यात तर लागेल तेवढीच, थोडी थोडी घ्या. आणि बर्फ असो की कोसळता पाऊस, वादळाच्या दिवशी घरपोच माल मागवू नका. पिशवी उद्याही येईल, ती आणणाऱ्याला आज घरी राहू द्या.